किल्ली आपल्या हाती, पण कळ कुणाच्या हाती?

नवी गाडी घेतली की शोरूममध्ये एक छोटासा सोहळा असतो. गाडीवर रेशमी कापड, बॉनेटला हार, टेबलावर पेढ्यांचा बॉक्स. घरातल्या बाईने औक्षण करायचं, कुंकवाचं स्वस्तिक काढायचं, चाकाखाली लिंबू ठेवायचं. मग शोरूमची मुलगी पुठ्ठ्याची हातभर लांबीची चावी घेऊन येते आणि ती सगळ्यांनी मिळून धरायची. फोटोत त्या चावीवर बाईचाच हात सगळ्यात पुढे! फोटो झाला की ती पुठ्ठ्याची चावी पुढच्या गिऱ्हाईकासाठी परत जाते आणि खरी चावी जाते ‘साहेबां’च्या हातात. सेल्समन त्यांना बाजूला घेऊन बटणं समजावतो. दुसरी चावी, माहितीपुस्तक, विम्याचे कागद असं सगळं पाकीट त्यांच्याकडे सोपवतो. आपण तोवर पेढे वाटत असतो.

त्या दिवशी त्यात काही खटकत नाही. आनंदाचा दिवस असतो. खटकतं ते दोन-तीन वर्षांनी, ज्या दिवशी चावीचं बटण दाबलं आणि गाडीने ‘टुक’ असा आवाजच केला नाही त्या दिवशी.

आता तालुक्याच्या गावातही बायका सर्रास गाडी चालवतात. शाळेतल्या मॅडम, बँकेतल्या ताई, आरोग्य केंद्रातल्या सिस्टर, शेतावर जाणाऱ्या वहिनी... ड्रायव्हिंग आपण शिकलो, लायसन्स काढलं, घाटातसुद्धा गाडी नेतो. पण गाडीची जी वस्तू दिवसातून दहा वेळा आपल्या हातात असते, ती आतून कशी असते हे आपल्यापैकी किती जणींना माहीत आहे? पूर्वी घरातल्या कर्त्या बाईच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा. कोणती किल्ली कोठीची, कोणती फडताळाची, कोणत्या कुलपाला थोडं उचलून फिरवावं लागतं, हे तिला अंधारातही कळायचं. म्हणून त्या जुडग्याला मान होता. आज आपल्या पर्समध्ये हजारो रुपये किमतीची किल्ली आहे, आणि ती रुसली की आपण पहिला फोन करतो तो नवऱ्याला. “अहो, गाडी उघडत नाहीये!”

माझ्या एका शिक्षिका मैत्रिणीवर असाच प्रसंग आला. तिचे यजमान नोकरीनिमित्त दुसऱ्या जिल्ह्यात असतात. तिची शाळा घरापासून अठरा किलोमीटरवर. रिमोट जवळ गेल्याशिवाय चालेना म्हणून तिने बाजारात चावीतला सेल बदलून घेतला, तर जे थोडंफार चालत होतं तेही दुसऱ्या दिवशी बंद! शाळा सुटलेली, संध्याकाळ होत आलेली, आवारात ती आणि तिची गाडी. तिने सर्व्हिस सेंटरला फोन लावला. उत्तर मिळालं, “मॅडम, गाडी टो करून आणावी लागेल. बहुतेक नवीन चावीच टाकावी लागेल. साहेब आहेत का? त्यांना फोन द्या ना.” साहेब दोनशे किलोमीटरवर! मग तिने मला फोन केला. मी काही मेकॅनिक नाही, पण घरात आलेल्या प्रत्येक वस्तूचं पुस्तक वाचायची मला खोड आहे. मी तिला एवढंच विचारलं, “चावीचं लोखंडी पातं आहे ना? मग ते दाराला लाव की!” दार उघडलं. हॉर्न कोकलायला लागला, तिने चावी लावून ‘ऑन’ केल्याबरोबर तो गप्प झाला, गाडी सुरू झाली आणि ती सात वाजायच्या आत घरी पोचली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी ती चावी उघडली. आत ठरलेल्या सेलऐवजी पातळ सेल बसवलेला होता. योग्य सेल आणला, पुस्तकातलं पान काढून रिमोटची गाडीशी पुन्हा ओळख करून दिली आणि रिमोट ठणठणीत! खर्च, पन्नास रुपये. टोइंग आणि नवी चावी यांचा हिशेब काही हजारांत गेला असता. मला राग पैशांचा नाही आला. ‘साहेबांना फोन द्या’ याचा आला. आणि त्याहून जास्त, ते वाक्य ऐकून आपणही मुकाट्याने फोन देतो, याचा.

म्हणून आज ही सगळी कहाणी जरा सविस्तर सांगते. कात्रण काढून गाडीच्या कप्प्यात ठेवलंत तरी चालेल.

मैत्रिणींनो, आपल्या हातात असते ती एक चावी नसते, एकात तीन चाव्या असतात. पहिली लोखंडी पात्याची. ती दाराच्या कुलपात चालते, तिला सेल लागत नाही. दुसरी रिमोटची. ती रेडिओ लहरींवर चालते आणि सेल लागतो तो फक्त हिलाच. तिसरी डोळ्यांना दिसत नाही. चावीच्या प्लॅस्टिकमध्ये एक बारीकशी चिप असते. इंजिन सुरू करताना गाडी त्या चिपला ओळखते, तेव्हाच इंजिन चालू होऊ देते. या चिपला लागणारी इवलीशी वीज कुलपाभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यातून मिळते, म्हणजे गाडीच ती पुरवते. म्हणून चावीतला सेल पार मेला तरी पात्याने दार उघडतं आणि इंजिनही सुरू होतं. एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं तरी अर्धी घाबरगुंडी जाते.

“पण आमच्या गाडीला बटण दाबून स्टार्ट आहे, चावी लावायला जागाच नाही,” असं कुणी म्हणेल. त्या ‘स्मार्ट’ चावीच्या पोटातही बहुधा एक लहानसं पातं लपवलेलं असतं. बाजूची खिट्टी सरकवली की ते बाहेर येतं. काही गाड्यांत दाराच्या मुठीवरच्या टोपणाखाली त्याचं भोक असतं. आत बसल्यावर बऱ्याच गाड्यांत चावी स्टार्टच्या बटणाला टेकवून धरायची, ब्रेक (गिअरची गाडी असेल तर क्लच) दाबायचा आणि बटण दाबायचं. काही गाड्यांत टेकवायची जागा दुसरीकडे असते, ती पुस्तकात दिलेली असते. ती जागा आजच बघून ठेवा. रात्री पाऊस पडत असताना शोधायची ती गोष्ट नव्हे.

आता सेल. जुन्या सेलवर आकडा कोरलेला असतो. पुष्कळ चाव्यांत तो सीआर २०३२ असतो, काहींत २०२५, २०१६ किंवा १६२०. हा आकडा म्हणजे चक्क माप आहे. पहिले दोन आकडे रुंदीचे, २० म्हणजे २० मिलिमीटर. पुढचे दोन जाडीचे, ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर, २५ म्हणजे अडीच. ब्लाउजचं माप जसं ‘चालतंय की’ म्हणून चालत नाही, तसंच हेही. पातळ सेल बसल्यासारखा वाटतो, पण पट्टीला नीट टेकत नाही. आणखी एक जुगाड असतो, ‘२०३२ नाही, दोन २०१६ एकावर एक ठेवून देतो.’ जाडी बरोबर जमते हो, पण एका सेलचे ३ व्होल्ट, दोघांचे मिळून ६ होतात! एका सेलवर चालणाऱ्या रिमोटला ते झेपेलच असं नाही. तेव्हा जो आकडा असेल तोच सेल, बंद पाकिटातला, वर छापलेली मुदत बघून घ्यायचा.

चावी उघडणं हे डबा उघडण्याइतकंच अवघड! आधी पातं बाहेर काढायचं. बऱ्याच चाव्यांना कडेला एक खाच असते, तिथे रुमालात गुंडाळलेलं नाणं घालून हलकेच पिळायचं. काहींना बारीक स्क्रू असतो. उघडल्याबरोबर मोबाइलवर फोटो काढायचा, म्हणजे सेलची कोणती बाजू वर होती याचा वाद नको. जुना सेल लाकडी काडीने उचकटायचा, नवा कडेने धरायचा. आणि हे सगळं ताटात किंवा टॉवेलवर करायचं. कारण काही चाव्यांत ती इंजिनवाली चिप सुटी, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी काळी वडी असते. ती घरंगळून हरवली, तर रिमोट चालेल पण गाडी सुरू होणार नाही. मग मात्र खरोखरच सर्व्हिस सेंटरची वारी.

सेल बदलला आणि तरी रिमोट चालत नाही, मग काय? लगेच ‘चावी गेली’ म्हणायचं नाही. एकेक करून पाहायचं. दुसऱ्या चावीने गाडी उघडते का? तीही उघडत नसेल तर दोष चावीचा नसून कदाचित गाडीचीच मोठी बॅटरी उतरलेली असेल. दुसरी चावी चालतेय? मग सेल उलटा तर नाही? आकडा तोच आहे? सेलवरची पारदर्शक चकती काढली का? धरणारी पितळी पट्टी दबलीय का? बोटाचं तेल लागलं असेल तर कोरड्या कापडाने पुसा. मुलांनी तोंडात घालू नयेत म्हणून काही सेलवर हल्ली कडू लेप असतो. लेप चांगलाच, पण त्यामुळे कधी कधी संपर्क नीट होत नाही. तिथे दुसऱ्या कंपनीचा सेल घालून बघावा.

एवढं करूनही गप्प असेल तर चावी आणि गाडी एकमेकींना विसरल्यात असं समजायचं. हे कसं होतं, ते मोठं मजेशीर आहे. पूर्वी छावणीच्या पहारेकऱ्याला परवलीचा शब्द सांगावा लागे ना, तसं रिमोटचं बटण दाबलं की चावी गाडीला एक गुप्त आकडा सांगते. चोराने तो हवेतून टिपून पुन्हा वापरू नये म्हणून हा आकडा दर वेळी बदलतो. चावीजवळ आणि गाडीजवळ त्याच क्रमाची यादी असते, दोघी बरोबरीने पुढे सरकतात. चार-सहा पावलं चावी पुढे गेली तर गाडी सांभाळून घेते. पण घरातल्या छोट्याने चावी खेळणं म्हणून दिवसभर दाबली, गाडी लांब उभी, तर चावी फार पुढे निघून जाते आणि गाडी तिला ओळखत नाही. सेल काढल्याने बहुतेक चाव्या काही विसरत नाहीत, पण काहींना पुन्हा ओळख करून द्यावी लागते.

ती रीत प्रत्येक कंपनीची वेगळी. पण बऱ्याच गाड्यांत साधारण अशी असते : आत बसून सगळी दारं लावायची, चावी ‘ऑन’पर्यंत फिरवायची, इंजिन सुरू करायचं नाही. लॉकचं बटण काही सेकंद दाबून धरायचं. चावी बंद करून काढायची आणि रिमोट दाबून पाहायचा. आपल्या गाडीची नेमकी रीत पुस्तकात असते. पुस्तकात नसेल किंवा जमलं नाही, तर सर्व्हिस सेंटरला यंत्र लावून करून देतात. तिथे जाताना दोन्ही चाव्या न्या. काही गाड्यांत चाव्यांची नोंद नव्याने करताना समोर नसलेली चावी बाद होते.

आणि एक गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तो काढलेला जुना सेल. टीव्हीवर, खिडकीत, फ्रिजच्या डोक्यावर आपण तो सहज ठेवून देतो. लहान मुलाने तो गिळला आणि घशाखाली अन्ननलिकेत अडकला, तर ‘जुना आहे, मेलेला आहे’ या भरवशावर राहता येत नाही. उरलेल्या विजेनेही आतली त्वचा जळते आणि दोन तासांच्या आत गंभीर इजा होऊ शकते. २० मिलिमीटरचे सेल तर फार घातक. अमेरिकेत अशाच एका सेलने दीड वर्षाची एक मुलगी दगावली आणि तिच्या नावाने २०२२ साली कायदा झाला. सेलचा कप्पा मुलांना सहज उघडता येऊ नये, पाकिटावर इशारा हवा, असं त्यात आहे. आपण निदान एवढं करू. काढलेल्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून तो मुलांचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी बंद डबीत ठेवू आणि जुने सेल घेणाऱ्या दुकानात देऊ. मुलाने गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवायची नाही, केळं-भात भरवायचा नाही, थेट एक्स-रेची सोय असलेला दवाखाना गाठायचा. लागलीच तर १०८ ची रुग्णवाहिका. आणि डॉक्टरांना पहिलंच वाक्य सांगायचं, ‘बटण सेल गिळलाय.’

इथवर वाचून काही जणी म्हणतील, “कशाला एवढी उठाठेव? गाडीचं ते बघतात, घरातलं मी बघते. वाटणी आहे आमची.” वाटणीला माझी ना नाही. माझ्याही घरात आहे. पण वाटणी म्हणजे एकाने करायचं आणि दुसऱ्याला गरज पडली तर करता यायचं. पुरुषाला चहासुद्धा येत नाही, हे पूर्वी कौतुकाने सांगत. आता आपण त्याला हसतो. मग ‘मला बाई गाडीतलं काही कळत नाही’ हे आपण अजून कौतुकाने का सांगतो? बायको बाळंतपणाला गेली तर नवऱ्याला वरण-भात यायला हवा. तसाच नवरा परगावी असेल, आजारी असेल, किंवा मागच्या सीटवर छातीत कळ येऊन पडलेला असेल, तर बाईला गाडी उघडता यायला हवी. आणि ज्या घरात ‘साहेब’ नाहीतच, त्या बाईने फोन कुणाला द्यायचा?

‘बायकांना यंत्रातलं कळत नाही’ हे तर मुळातच खोटं. जगातली पहिली लांब पल्ल्याची मोटारसफर एका बाईने केली. १८८८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, त्याने बनवलेली मोटार काढून माहेरी निघाली. मानहाइमहून फोर्त्सहाइमला, सुमारे १०६ किलोमीटर. वाटेत इंधनाची नळी तुंबली, तर तिने हॅटच्या पिनेने ती मोकळी केली. एक तार उघडी पडली, तर मोज्याच्या पट्ट्याने झाकली. इंधन औषधाच्या दुकानातून घेतलं. पेट्रोल पंपच नव्हते तेव्हा! केसातल्या आकड्याने कुलूप, स्टोव्ह आणि मिक्सरचं झाकण दुरुस्त करणाऱ्या आपण बायका तिच्याच जातकुळीतल्या. फरक एवढाच, तिने कुणाची परवानगी मागितली नाही.

दोष फक्त आपल्याकडेच आहे असंही मी म्हणणार नाही. गाडी गावोगावी विकतात, दसऱ्या-पाडव्याला मराठीत जाहिराती करतात, पण गाडीबरोबरचं जाडजूड पुस्तक मराठीत दिलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही. डिलिव्हरीच्या दिवशी पुठ्ठ्याच्या चावीला जेवढा वेळ देतात, तेवढाच वेळ खऱ्या चावीला का देत नाहीत? गाडी चालवणाऱ्या प्रत्येकीला जवळ बोलवा, पातं कुठे आहे ते दाखवा, सेलचा आकडा सांगा, सेल मेला तर गाडी कशी सुरू करायची ते तिच्याच हातून करून घ्या. दहा मिनिटांचं काम. आणि फोनवर बाईचा आवाज आला तर ‘साहेबां’ची चौकशी न करता आधी गाडीची चौकशी करा. एवढी अपेक्षा जास्त नाही.

ते करतील तेव्हा करतील. आपण भिशीच्या दिवशी करू या. साड्या आणि सुना हे विषय एक दिवस बाजूला ठेवून प्रत्येकीने आपापली चावी टेबलावर काढायची. पातं बाहेर काढून दार उघडून बघायचं. सेलचा आकडा फोनमध्ये लिहून ठेवायचा. रिमोट जवळून चालायला लागला किंवा काचेमागच्या पडद्यावर चावीची खूण दिसली की सेल संपत आलाय, हे एकमेकींना सांगायचं. दुसरी चावी घरात कुठे आहे ते विचारून घ्यायचं. गाडी चोरीला गेली तर विमा कंपन्या साधारणपणे दोन्ही चाव्या मागतात, तेव्हा तीही ‘त्यांनी कुठेतरी ठेवलीय’ अशी नको. आणि पुस्तकातलं ते एक पान मुलीकडून मोठ्याने वाचून घ्यायचं. तिला पुढे कुणी ‘साहेबांना फोन द्या’ म्हणालं, तर तिने शांतपणे सांगावं, “गाडी मी चालवते, मलाच सांगा.”